हमखास येणारे प्रश्न

११ फेब्रुवारी

भिंगरी,

वर नुसतंच नाव लिहिलंय. आशीर्वाद लिहायला गेलो तर पेन अडलं. ज्या बापाने चारचौघांत लेकीला ‘चालती हो’ म्हटलं, त्याने आशीर्वाद कुठल्या तोंडाने द्यायचे? फोन तू उचलत नाहीस, बरोबरच आहे तुझं. पत्र मात्र दाराच्या फटीतून आत येतं आणि पायाशी पडून राहतं, म्हणून हा मार्ग.

आधी जे गिळायचं ते गिळून टाकतो. तू म्हणालीस ते खरं होतं. मावशीकडे जेवताना सगळ्यांसमोर तू म्हणालीस, “बाबा, आई एकच गोष्ट तीनतीनदा विचारतेय, डॉक्टरांना दाखवा.” मला वाटलं, तू घरची अब्रू चव्हाट्यावर मांडतेयस. म्हणून माझं तोंड सुटलं. आता डॉक्टरांनीच सांगितलंय. अल्झायमर. सुरुवातीची पायरी आहे म्हणाले.

पण रडगाणं गायला हे पत्र नाही. बातमी आनंदाची आहे. मोठ्या इस्पितळात एका नव्या औषधाची चाचणी सुरू झालीय आणि त्यात तुझ्या आईला घेतलंय! ऐक, जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना जीवशास्त्र शिकवलं, आज स्वतःच्या पोरीला शिकवतो. आपल्या चेतापेशींच्या भिंतीत एक लांबलचक प्रथिन रुतलेलं असतं. मेंदूतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला कात्रीसारखं कापतं. जे तुकडे पडतात ते चिकट असतात. ते एकमेकांना धरून बसतात, पेशींच्या मधल्या जागेत त्यांचा साका जमतो आणि हळूहळू पेशी मरायला लागतात. नवं औषध त्या विकराच्या तोंडात बोळा कोंबतं. कात्री बंद, तुकडे बंद, साका बंद. आईला हे सांगितलं तर शिलाई मशीनवरून मान वर न करता तिने विचारलं, “एवढ्या बारीक कात्रीला धार कोण लावून देतं?” तिची चेष्टा करायची सवय शाबूत आहे, काळजी करू नकोस.

अडचण एकच होती. हे औषध पहिल्या पायरीवरच्यांनाच देतात आणि त्यासाठी आठवणीची परीक्षा घेतात. पहिल्या वेळी तिचं दोन गुणांनी हुकलं. महिन्याभराने पुन्हा बोलावलं, तेव्हा दणक्यात पास झाली. तीसपैकी चोवीस! मी थोडी तयारी करून घेतली, इतकंच. पोरं मला ‘हमखास सर’ म्हणायची ते काही उगाच नाही.

निम्म्या लोकांना खरी गोळी मिळते, निम्म्यांना नुसती पिठाची. कोणाला कुठली ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. आपली खरीच असणार, मला खात्री आहे.

बाबा


२४ एप्रिल

भिंगरी,

तुझं कार्ड आलं. इतक्या दिवसांनी दोन ओळी. ‘गुण नकोत. आई घरात कशी आहे ते लिहा.’ वर मायना नाही, खाली सही नाही. असो. हा फटकळपणा कुठून आला हे विचारायची माझी छाती नाही.

घरात छान आहे. परवा माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लावायला घेतलं आणि गळाच शिवून टाकला. मी डोकं घातलं तर आत नुसता अंधार. म्हटलं, “बाईसाहेब, नवरा नकोसा झालाय का?” ती खूप हसली. हसता हसता रडायला लागली, पण तसं कोणालाही होतं. मशीन तूर्त आतल्या खोलीत सरकवून वर चादर टाकलीय. बोटात सुई जायला नको. शेजारच्यांचे पडदे शिवायला आले होते ते मी परत पाठवले, म्हटलं डोळे दुखतायत तिचे.

आणि तुला नको असले तरी गुण सांगतोच: पंचवीस. एक वाढला. डॉक्टर तरुण आहे, चेहऱ्यावर काही दाखवत नाही, पण या वेळी त्याने कागद दोनदा पाहिला. नंतर रिवाजाप्रमाणे मला वेगळ्या खोलीत बसवून विचारलं, “घरी कसं चाललंय? स्वयंपाक, कपडे, बोलणं?” मी म्हटलं, “झकास.” ते लिहून घेतात.

तिथल्या बाकावर आता आमचा कंपू जमलाय. एक गृहस्थ आहेत, आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवली त्यांनी. चाळीस माणसांच्या डोक्यावरून लोखंड फिरवायचे आणि कोणाला ओरखडा नाही. आता चपलेचा पट्टा लावता येत नाही. त्यांच्या मिसेस मोठ्या तडफदार बाई. त्यांच्या नवऱ्याचे गुण उतरलेत. त्या मला विचारत होत्या, “सर, तुमच्या मिसेस टिकल्यात कशा?” मी म्हटलं, गोळी लागू पडायला वेळ लागतो, धीर सोडू नका. असं कोणी सल्ला मागितला की अजून छाती फुगते माझी.

बाबा


९ जुलै

भिंगरी,

‘तयारी म्हणजे काय?’ एवढंच लिहिलंस या वेळी. तुझ्या आजोबांची नजर आलीय तुझ्यात, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवतेस.

तयारी म्हणजे तयारी. आई परीक्षा द्यायला आत जाते तेव्हा चाचणी घेणारी मुलगी दार लोटते, पण ते नीट बसत नाही. मी बाहेर बाकावर असतो. आत विचारलेलं सगळं ऐकू येतं, आमच्या आधीच्यांना विचारलेलंसुद्धा. पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने परत विचारतात. कंदील, मांजर, पितळ, ढग, खिडकी. शंभरातून सात-सात वजा करत जायचं. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. शब्दांचे दोनच संच आहेत, ते आळीपाळीने येतात. मला दोन्ही पाठ झाले, आणि मग तिलाही करवले. रोज सकाळी चहाच्या आधी. तारीख आणि वार आम्ही बसमध्ये घोकत जातो.

तू म्हणशील ही लबाडी. पहिल्या वेळी मलाही तसं वाटलं होतं. पण दोन गुण, भिंगरी! दोन गुणांसाठी मी तिला मरू द्यायचं? माझ्या वर्गात पस्तीसला अडकलेलं एकही पोर मी वाऱ्यावर सोडलं नाही. हा प्रश्न हमखास येणार, तो प्रश्न हमखास येणार, असं सांगून पार केलं सगळ्यांना. आणि बायकोच्या वेळी हात वर करायचे? एकदा आत घेतलं की थांबवू असं ठरवलं होतं. मग वाटलं, गुण एकदम घसरले तर संशय येईल. म्हणून चालू ठेवलं.

घरात कशी आहे ते विचारलंस. खरं लिहितो. न्हाणीघरातून बाहेर यायचा दरवाजा कुठला ते तिला सापडत नाही. गेल्या आठवड्यात चहाच्या आधी मी विचारलं, “त्र्याण्णवमधून सात?” तर तिने पेन्सिल भिंतीवर फेकली आणि म्हणाली, “तुम्हाला दुसरं काही बोलता येत नाही का हो माझ्याशी?” मी पेन्सिल उचलून आणली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. इतका मी निगरगट्ट आहे. तिने बरोबर उत्तर दिलं. तोंडाने शहाऐंशी म्हणत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

क्रेनवाल्यांच्या मिसेस चाचणीतून नवऱ्याचं नाव काढायला निघाल्या होत्या. मीच त्यांना वाटेत अडवलं. म्हटलं, “आमच्या हिच्याकडे बघा, आणि थोडं थांबा.” त्या थांबल्या. हे का लिहितोय कळत नाही, पण दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही.

बाबा


२ सप्टेंबर

भिंगरी,

आज लिहितोय ते वाचून तू मला बाबा म्हणशील की नाही कोण जाणे.

मागच्या सोमवारी इस्पितळाने सगळ्यांना एकत्र बोलावलं. डॉक्टरने उभं राहून सांगितलं की औषधाने काही जणांची आठवण सुधारायच्या ऐवजी जास्त ढासळतेय अशी शंका आहे. ते विकर मेंदूत तेवढंच एक प्रथिन कापत नाही. पेशींच्या जोडण्या ज्यांच्यामुळे टिकतात ती आणखी काही प्रथिनंही तेच कापून तयार करतं. त्याला बांधून ठेवलं तर साका कमी होतो, पण जोडण्याही सैल पडतात. मी वर्गात काय शिकवायचो? एक विकर, एक काम, जसं एक कुलूप आणि एक किल्ली. फळ्यावर रंगीत खडूने चित्र काढायचो आणि पोरांकडून तालावर म्हणवून घ्यायचो.

ज्यांचे गुण उतरलेत त्यांची गोळी त्याच दिवशी बंद केली. बाकीच्यांची पूर्ण तपासणी होईपर्यंत चालू राहणार. क्रेनवाल्यांची बंद झाली. डॉक्टर आमच्यापाशी आला आणि म्हणाला, “यांचं मात्र उत्तम चाललंय. यांची थांबवायची काही गरज दिसत नाही.” त्याने नवीन डबी माझ्या हातात दिली.

आणि मी ती घेतली.

त्या क्षणी सांगायचं होतं. जीभ उचलली सुद्धा. पण बाकावर सगळे बसले होते, क्रेनवाल्यांच्या मिसेस माझ्याकडे बघत होत्या, आणि हमखास सरांना लबाड म्हणवून घ्यायची लाज वाटली. तुझी आई माझा हात धरून उभी होती. तिला काही कळत नव्हतं, मी जे करीन ते बरोबर असणार असा चेहरा होता तिचा.

याहून वाईट पुढे आहे. घरी आल्यावरही मी रोज तिला गोळी दिली. डब्या परत द्याव्या लागतात, उरलेल्या गोळ्या त्यांना दिसतात. गोळी उरली तर प्रश्न येणार. म्हणून पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि गिळताना तिच्या गळ्याकडे बघत उभा राहिलो. औषध आहे की विष, हे न कळता. नाही, चुकलो. विष असू शकेल हे कळत असताना.

मी तुला चारचौघांत चालती हो म्हणालो तेव्हा मला वाटलं होतं की याहून खाली माणूस जाऊ शकत नाही. जाऊ शकतो. आज सकाळी गोळी दिली नाही. उद्या इस्पितळात जातोय. हे तुला आधीच लिहून टाकतोय, म्हणजे मला पळवाट राहणार नाही.


१४ सप्टेंबर

भिंगरी,

सांगितलं सगळं. पहिल्या दिवशी डॉक्टर सुट्टीवर होता आणि मी चक्क खूश होऊन परत आलो. दुसऱ्या खेपेला मात्र सांगितलं.

मी आईला बाहेर चाचणी घेणाऱ्या मुलीजवळ बसवलं आणि एकटा आत गेलो. मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, “सर, तुम्हाला त्यांना वाचवायचं होतं, ते मी समजू शकतो. पण औषध अपाय करतंय हे कळायला माझ्याकडे दोनच खिडक्या होत्या. एक त्यांचे गुण आणि दुसरे तुम्ही. तुम्ही दोन्ही बंद केल्यात.” तो पुढे म्हणाला, “आणि हे तुमच्या घरापुरतं राहत नाही. औषध चालू ठेवायचं की नाही हे आम्ही सगळ्यांचे आकडे एकत्र बघून ठरवतो. त्यात त्यांचा आकडाही होता.”

मी खाली मान घालून बसलो. वर्गात कॉपी करताना पकडलेली पोरं माझ्यासमोर अशीच बसायची आणि मी त्यांना सोडत नसे. त्याने मला जास्त बोलण्याचे कष्ट दिले नाहीत. आईची गोळी बंद केली, आमचं नाव चाचणीतून काढलं. निघताना त्याने हात पुढे केला नाही. मीही केला नाही, हिंमतच नव्हती.

बाहेर आलो तर क्रेनवाल्यांच्या मिसेस नवऱ्याला घेऊन आल्या होत्या, तपासणीसाठी. त्यांना चुकवून जिन्याने सटकता आलं असतं. पाय तिकडेच वळले होते, खोटं कशाला बोलू. पण आईला घ्यायला बाकापाशी जावंच लागलं. त्यांनी विचारलं, “काय हो सर, चेहरा असा का?” म्हणून त्यांनाही सांगितलं, उभ्या उभ्या.

त्या बराच वेळ नवऱ्याच्या शर्टाची बाही सारखी करत होत्या. मग म्हणाल्या, “मी सोडणार होते हो. अर्ज हातात होता माझ्या. तुमच्या मिसेसकडे बघून मी परत फिरले.”

मी म्हटलं, “मला माफ करा.”

त्या म्हणाल्या, “ते मला नका विचारू. यांना विचारा.” आणि नवऱ्याला माझ्यापुढे केलं. तो भला माणूस माझ्याकडे बघून हसला आणि हात जोडून म्हणाला, “या, बसा.” त्याला वाटलं कोणी पाहुणा आलाय.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ना, ते वाचलं होतं, पोरांना वाक्यात उपयोगही करायला लावला असेल. त्या दिवशी कळलं.

तू अजून काही लिहिलं नाहीस. लिहू नकोस वाटलं तर.


३० ऑक्टोबर

भिंगरी,

चाचणी संपूर्ण बंद झाली आणि कोणाला कुठली गोळी होती ते कळवलं. आपली पिठाची होती. पहिल्या दिवसापासून नुसतं पीठ.

डॉक्टरच्या खोलीत ते ऐकलं आणि माझ्या तोंडून “सुटलो” असा शब्द निघाला. मोठ्याने. जिन्यात क्रेनवाल्यांच्या मिसेस भेटल्या, त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं बाई. आमची खरी होती.” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच माझ्यासाठी बरं वाटलं होतं त्यांना. गोळी थांबवल्यावर काही जण थोडे सावरतात असं डॉक्टर म्हणतो. त्यांचं अजून कळत नाही. आता दुपारी शेजारीण आईजवळ असते तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन बसतो, तेवढ्यात त्या बाहेरची कामं उरकून येतात. त्या दार उघडतात, पाणी ठेवतात, माझ्याशी बोलत नाहीत. क्रेनवाले मला रोज नव्याने “या, बसा” म्हणतात.

आईला आता डॉक्टरने जुनी, नेहमीची गोळी लावलीय. तीही एका विकरालाच अडवते, पण वेगळ्या. पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात आणि ते विकर तो निरोप लगेच पुसून टाकतं. गोळीमुळे निरोप जरा जास्त वेळ टिकतो, एवढंच. आजार थांबत नाही. डॉक्टरने हे स्पष्ट सांगितलं आणि मी या वेळी फक्त ऐकून घेतलं.

म्हणजे औषधाने तिचं काही बिघडवलं नाही. जे गेलं ते आजाराने नेलं. आणि ती मला ओळखत होती, माझी चेष्टा करत होती, अशा सगळ्या सकाळी मी घेतल्या, परीक्षेसाठी. त्यातली एक सकाळ तरी मी तिच्याजवळ नुसता बसलो असतो तर? कपडे, पडदे, तुझं लहानपण, काहीही बोललो असतो. तिने मागितलंही होतं.

तुझं पत्र परवा मिळालं. ‘मी येतेय. बुधवारी सकाळी पोचेन.’ किती वेळा वाचलं सांगत नाही, तू हसशील. तू येण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, म्हणून घाईने हे टाकतोय.

ती मला आता ‘सर’ म्हणते. नवरा म्हणून मी तिच्या लेखी उरलेलो नाही. शेजारीण आली, दूधवाला आला की ती मोकळी असते, गालात हसते, कधी कधी त्यांच्या कपड्यांना हात लावून शिलाई बघते. मी खोलीत आलो की ताठ बसते. दोन्ही हात मांडीवर ठेवते आणि माझ्या तोंडाकडे बघत प्रश्नाची वाट पाहते. मी म्हणतो, “काही नाही गं, चहा आणलाय.” तिला खरं वाटत नाही. काल हळूच म्हणाली, “सर, आज माझं काहीच पाठ झालेलं नाही. मला घरी पाठवू नका.”

म्हणून तू आलीस की ‘आई, मी कोण?’ असं विचारू नकोस. ‘ओळखलंस का?’ असंही नको. सगळे प्रेमाने तेच विचारतात, आणि ती घाबरून जाते. तू आल्या आल्या आपणहून तुझं नाव सांग आणि तिच्याजवळ बस. तिने उत्तर दिलं नाही तरी बसून राहा.

दार मी उघडून ठेवीन. तू आत गेलीस की मी खाली चक्कर मारायला जाईन. तुम्हा दोघींचं बोलणं झालं की मला हाक मार, आणि नाही मारलीस तरी चालेल.

बाबा